कोणी कोणाचा आधार घेतला?

जंगलातली पायवाट कोणी आखून दिलेली नसते. माणसे एकामागून एक चालतात, गवत दबते आणि वाट पडते. विज्ञानातल्या कल्पनांच्याही अशा वाटा असतात. त्या कशा शोधायच्या?

प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी, लेखकाने ज्या जुन्या निबंधांचा आधार घेतला त्यांची यादी असते. निबंध म्हणजे एक ठिपका आणि संदर्भ म्हणजे नव्याकडून जुन्याकडे जाणारा बाण, असे माना. झाले जाळे तयार! डेरेक प्राइस या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९६५ साली अशा जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला आढळले की थोड्या निबंधांकडे पुष्कळ बाण येतात. बाकीच्यांकडे अगदी मोजके. आज संगणक असे लाखो बाण भराभर मोजतो.

समजा, गडचिरोलीची एक संशोधक विद्यार्थिनी आपल्याच जिल्ह्यातल्या ठिपक्यापासून सुरुवात करते. डिसेंबर १९९९ मध्ये डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत. जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही देत. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

या ठिपक्याकडे किती बाण येतात, हे संगणक सांगेल. पण एखादा लेखक जाता जाता नुसता उल्लेख करतो, तर दुसरा तोच प्रयोग आपल्या मुलखात करून पाहतो. मोजणीत दोघेही एकेकच! म्हणून आमच्या विद्यार्थिनीला निबंध उघडून वाचावेच लागतात.

वाचताना तिला कोडे पडते. बांगलादेशातल्या सिल्हेटचा निकाल (२००८) ३४ टक्के घट दाखवतो, तर पाकिस्तानातल्या हाला भागाचा (२०११) फक्त १५ टक्के. मग कल्पना फसली का? थांबा! सिल्हेटला बाळाला दवाखान्यात नेणे जमले नाही तरच घरी इंजेक्शन मिळे. हालाला हे काम सरकारने आधीच नेमलेल्या सेविकांनी नेहमीच्या कामांबरोबर केले. म्हणजे तिन्ही ठिकाणी प्रयोग एकच नव्हता, आणि हे बाणावर लिहिलेले नसते.

आणखी एक गंमत. २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांसाठी घरभेटी सुरू केल्या. ही वाट केवढी मोठी! पण आशाताई शोधनिबंध लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून निघणारा एकही बाण संगणकाच्या जाळ्यात दिसत नाही.

करून पाहा: तुमच्या गावातल्या आशाताईंना भेटा. बाळ जन्मल्यावर त्या किती वेळा घरी जातात, काय तपासतात आणि हे कोणाकडून शिकल्या, ते विचारा. शिकवणाऱ्या बाई कोणाकडून शिकल्या, तेही विचारा. वहीत ठिपके व बाण काढा आणि किती पायऱ्या मागे जाता येते ते पाहा.