सोनूच्या ऑप्शन फॉर्मबद्दल

बुलढाणा

चि. निखिल,

दादाला तू पाठवलेला मेसेज वहिनीने मला वाचून दाखवला. सोनूने कॅप राउंडच्या फॉर्ममध्ये पुण्याची कॉलेजं भरू नयेत, इथेच जिल्ह्यात शिकावं, असं तुझं म्हणणं. वर कारण दिलंयस की, 'पुण्यातली पोरं कशी आहेत हे मला ठाऊक आहे.' तिचे पर्सेंटाइल तुझ्यापेक्षा जास्त आहेत, हे मात्र मेसेजात कुठे आलं नाही. असो.

बहिणीवर तुझा जीव आहे, तेव्हा काळजी खरीच असणार. पण पोरांची नजर वाईट म्हणून पोरीने घरी बसायचं, हा कुठला न्याय? हाच प्रश्न आपल्या बुलढाण्याच्या एका बाईने १८८२ साली छापून विचारला होता. तू शाळेत पाच ओळींत तिच्याबद्दल वाचलं असशील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताराबाई शिंद्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, शिवाय सत्यशोधक समाजाचे. मुलींची शाळा नव्हती, तर त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. पुढे १८८१ मध्ये सुरतेकडची विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा खटल्यात सापडली. बदनामीच्या भीतीने तिने नवजात मूल मारलं होतं. फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांना निमित्तच मिळालं. बायका कशा बिघडल्या, शिकून कशा बहकतात, यावर रकाने भरले. त्या मुलाला बाप होता की नाही, याची चौकशी कुणाला करावीशी वाटली नाही.

त्या रागातून 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं गेलं आणि पुण्यात छापलं गेलं. ताराबाईंची रीत बघ. बायकांवर लादलेले दुर्गुण, म्हणजे कपट, अविचार, साहस वगैरे, त्या एकेक करून हातात घेतात आणि विचारतात, हे पुरुषांत कमी आहेत का? बायको गेल्यावर दुसरी आणणारा पुरुष सभ्य, मग विधवेनेच जन्मभर कोपऱ्यात का बसायचं? भाषा अशी की एखाद्या तिखट सासूलाही ठसका लागावा. बायका म्हणजे देवता, असा आव त्यांनी आणलेला नाही, आणि सदाचाराला सुट्टीही दिलेली नाही. नेम असेल तर तो दोघांना, एवढंच त्यांचं मागणं. मला विचारशील तर स्त्रीशिक्षणावरच्या शंभर भाषणांपेक्षा हे एक मागणं जड आहे, कारण भाषणात पुरुषाला काहीच बदलावं लागत नाही.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेच जोतीराव, ज्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा विधवांच्या बाळंतपणाची सोय केली होती. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही निघालं नाही. हेही पार विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांच्या हाती आलं.

आता तुझ्याकडे वळते. तिथली पोरं कशी आहेत हे तुला ठाऊक आहे ना, मग काम तुझं आहे, सोनूचं नाही. मेसमध्ये ज्युनिअर मुलींवरून शेरेबाजी सुरू झाली की गालात हसून ताट पुढे ओढू नकोस, तिथल्या तिथे बोल. ग्रुपवर कुणाचा फोटो फिरला तर 'मी फॉरवर्ड नाही केला' यात फुशारकी कसली? डिलीट करायला लाव. मित्र दुरावतील थोडे. दुरावू देत.

आणि सोनू पुण्यात आली की तिचा पहारेकरी होऊ नकोस. तुझ्या पहिल्या वर्षी रात्री दोनला टपरीवर चहा प्यायल्याचं तूच कौतुकाने सांगितलंस, तेव्हा घराण्याची अब्रू कुणाला आठवली नव्हती. तिने खोटं बोलू नये, अभ्यास बुडवू नये, कुणाला फसवू नये. हे मी तिला सांगेनच, तेच तुलाही सांगते.

फीचं निमित्त पुढे करू नकोस. आपण ओबीसी, दादाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि अशा घरच्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून सरकार भरतं. वसतिगृह आणि मेस त्यात धरलेली नाही. तो खर्च माझ्या पेन्शनमधून मी करीन, दादाला तसं सांगितलंय.

अजून एक, आता लिहिलं नाही तर राहून जाईल. वडिलोपार्जित शेतीत मुलीचा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये मान्य केला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. तरी आपल्याकडे भाऊ साडी घेऊन येतो आणि तलाठ्याकडे जायच्या आधी हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेतो. उद्या दादाच्या माघारी कुणी तुझ्यापुढे तो कागद ठेवला, तर सोनूकडे नेऊ नकोस.

फॉर्मची मुदत या आठवड्यात संपते. आज रात्रीच दादाला फोन कर आणि आधीचा सल्ला मागे घेतल्याचं तूच सांग. मग मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करून मेसचा दर मला कळव.

तुझी,
आत्या