क्रियापद एकटं पाठ करू नकोस

बाळा, नोकरीला लागलास, आता रोज इंग्रजीत पत्रं लिहावी लागतील. म्हणून एक सांगून ठेवतो. इंग्रजी क्रियापद पाठ करायचं ते त्याच्या प्रिपोझिशनसकट. शाळेत नुसते शब्दार्थ घोकून घेतात, ते अर्धंच शिक्षण. 'डिपेंड' नव्हे, 'डिपेंड ऑन'. 'लिसन' नव्हे, 'लिसन टू'. 'वेट'ला 'फॉर' लागतं, त्याच अर्थाच्या 'अवेट'ला काहीच लागत नाही.

आपण चुकतो ते मराठीच्या ओढीने. 'बजेटबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट', 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हर', 'पुण्याला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टू पुणे'. तिन्ही चूक. 'वुई डिस्कस्ड द बजेट', 'ही मॅरीड हर', 'आय रीच्ड पुणे'. मध्ये काही नको. ऑफिसात 'डिस्कस अबाउट' इतकं कानावर पडेल की तेच बरोबर वाटू लागेल. तू मात्र लिहू नकोस.

आता मुख्य गोष्ट नीट ऐक. तोच शब्द नाम म्हणून आला तर प्रिपोझिशन घेतो आणि क्रियापद झाला की टाकतो, असं पुष्कळदा होतं. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, पण 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक. 'अ‍ॅन ऑर्डर फॉर टेन चेअर्स', पण 'वुई ऑर्डर्ड टेन चेअर्स'. 'लॅक ऑफ टाइम', पण 'वुई लॅक टाइम'. 'एम्फसिस ऑन' म्हणतात. 'एम्फसाइज'पुढे मात्र थेट मुद्दा येतो. शिकल्यासवरलेल्यांच्या चुकाही इथेच सापडतात.

कुठे अर्थच बदलतो. 'अटेंड द मीटिंग' म्हणजे हजर राहणं, 'अटेंड टू द कंप्लेंट' म्हणजे तक्रारीत लक्ष घालणं. खोलीत शिरताना 'एंटर द रूम', करार करताना 'एंटर इन्टू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट'. 'कोप अप विथ'मधला 'अप' काढून टाक. पत्राच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' लिही, 'टू मीट' नको. इथला 'टू' प्रिपोझिशन आहे.

शंका आली तर अंदाज बांधू नकोस. हॉर्नबींची ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच केलेली आहे. ऑक्सफर्डने ती १९४८ साली काढली. तिच्यात क्रियापद वाक्यात कसं चालतं तेही दिलेलं असतं. अर्थ सापडला की कोश मिटू नकोस, खालची उदाहरणं वाच.

आणि आज पत्र पाठवण्याआधी त्यात 'डिस्कस', 'रिक्वेस्ट', 'ऑर्डर' आहेत का बघ आणि प्रत्येकाच्या पुढचा शब्द तपास.