एका ‘पर्यंत’मुळे ऑर्डर गेली! बिझनेसच्या इंग्रजीत वेळ कशी सांगायची?

व्हिडिओत जे बोललो ते इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आजचा धडा इंग्रजीचा असला तरी विषय पैशाचा आहे.

आधी माझीच चूक सांगतो. माझं गिफ्ट आणि पॅकिंगचं दुकान. सुरुवातीच्या एका दिवाळीला बाहेरच्या राज्यातल्या एका ऑफिसकडून १२० गिफ्ट बॉक्सची चौकशी आली. प्रत्येक बॉक्सवर नाव छापून हवं होतं. मी ऐटीत मेसेज टाकला: ‘वी कॅन सप्लाय टिल फिफ्टीन्थ ऑक्टोबर.’ मला म्हणायचं होतं, ‘१५ तारखेपर्यंत माल पोहोचवतो.’ त्यांनी वाचलं, ‘१५ तारखेपर्यंत आमचा पुरवठा चालू आहे.’ म्हणजे तोवर कधीही ऑर्डर पक्की केली तरी चालेल!

मी रिकामे बॉक्स आणून ठेवले. त्यांचा फोन आला १४ तारखेला, ‘आता नावांची यादी पाठवतो.’ एका दिवसात छपाई कुठून होणार? ऑर्डर गेली, बॉक्स माझ्या माळ्यावर पडून राहिले. अ‍ॅडव्हान्स न घेता माल भरला, ही चूक होतीच. पण गोंधळाची सुरुवात एका शब्दाने झाली.

असं का होतं? आपण मराठीत विचार करतो आणि शब्दाला शब्द ठेवतो. मराठीत जिथे एक शब्द आहे, तिथे इंग्रजीत दोन-तीन आहेत. नेमकं तिथेच आपण अडकतो.

१. ‘पर्यंत’ म्हणजे बाय की टिल?

मराठीत ‘शुक्रवारपर्यंत माल देतो’ आणि ‘दुकान नऊपर्यंत उघडं आहे’, दोन्हीकडे ‘पर्यंत’च. इंग्रजीत मात्र स्वतःला एक प्रश्न विचारायचा: हे काम एकदा होऊन संपणार आहे, की त्या वेळेपर्यंत चालूच राहणार आहे?

एकदा होऊन संपणारं काम असेल तर ‘बाय’. ‘वी विल डिलिव्हर बाय फ्रायडे.’ म्हणजे आधी कधीही, पण उशिरात उशिरा शुक्रवारी.

चालू राहणारी गोष्ट असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. ‘द शॉप इज ओपन टिल नाइन.’ ‘धिस रेट इज व्हॅलिड टिल थर्टीएथ सप्टेंबर.’

नकार आला की जास्त सांभाळा. ‘वी विल नॉट डिलिव्हर टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी माल मिळणारच नाही. ग्राहक हे वाचून दुसरं दुकान शोधेल!

२. ‘सात दिवसांत’ म्हणजे इन की विदिन?

‘द ऑर्डर विल बी रेडी इन सेव्हन डेज’ म्हटलं की समोरचा साधारण सातवा दिवस धरतो. ‘विदिन सेव्हन डेज’ म्हटलं की सात दिवसांच्या आत कधीही, तिसऱ्या दिवशीसुद्धा. तुम्ही मुदत देताय, पैसे मागताय किंवा परतीचा नियम लिहिताय, तर ‘विदिन’ वापरा. ‘एक्स्चेंज विदिन सेव्हन डेज’ हे वाक्य बिलावर स्पष्ट वाटतं, वाद होत नाही.

३. ‘पासून’ म्हणजे सिन्स, फॉर की फ्रॉम?

‘आम्ही २०१६ पासून या धंद्यात आहोत.’ मराठीत वर्तमानकाळ, म्हणून आपण सरळ ‘वी आर इन धिस बिझनेस सिन्स २०१६’ लिहितो. अर्थ कळतो, पण वाक्य चुकीचं आहे. तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, यासाठी इंग्रजीत ‘हॅव बीन’ लागतं: ‘वी हॅव बीन इन धिस बिझनेस सिन्स २०१६.’ पाटीवर नुसतं ‘सिन्स २०१६’ लिहिलंत तर काही बिघडत नाही.

सुरुवातीचं वर्ष किंवा तारीख सांगायची तर ‘सिन्स’. एकूण किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’: ‘फॉर एट इयर्स’. ‘सिन्स एट इयर्स’ ही आपल्याकडची हमखास चूक, आजपासून बंद! आणि पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीला ‘फ्रॉम’: ‘न्यू रेट्स विल अप्लाय फ्रॉम फर्स्ट नोव्हेंबर.’

४. ‘पाठवाल तेव्हा’मधला ‘विल’ काढा

‘तुम्ही अ‍ॅडव्हान्स पाठवाल तेव्हा काम सुरू करू.’ मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे, म्हणून आपण ‘व्हेन यू विल सेंड’ लिहितो. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांच्यामागे अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळ येतो. ‘व्हेन यू सेंड द अ‍ॅडव्हान्स, वी विल स्टार्ट वर्क.’ अट सांगणाऱ्या भागात ‘विल’ नाही, तुमच्या वचनात ‘विल’ आहे. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

५. ‘नेक्स्ट फ्रायडे’ नको, तारीख लिहा

सोमवारी कोणी ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हटलं, तर काही जण चार दिवसांनंतरचा शुक्रवार धरतात, काही जण त्याच्या पुढच्या आठवड्यातला. नुसते आकडेही फसवतात. ०५/११ म्हणजे आपल्यासाठी ५ नोव्हेंबर, पण अमेरिकेतला ग्राहक ते ११ मे वाचेल. म्हणून वार, तारीख आणि महिन्याचं नाव, तिन्ही लिहा.

६. पेमेंटचं वाक्य: दिवस कधीपासून मोजायचे?

‘पेमेंट विदिन फिफ्टीन डेज’ हे अर्धंच वाक्य झालं. बिलाच्या तारखेपासून, की माल मिळाल्यापासून? ‘फ्रॉम द डेट ऑफ डिलिव्हरी’ असं पुढे जोडा. आपल्याकडच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये कायद्यांच्या भाषेसाठी नियमच आहे: ‘फ्रॉम’ म्हटलं की पहिला दिवस सोडायचा, ‘टू’ म्हटलं की शेवटचा दिवस धरायचा. आपल्या व्यवहारात शेवटचा दिवस धरून म्हणायचं असेल, तर सरळ ‘अप टू अँड इन्क्लुडिंग’ लिहा.

आणि हे लेखी का हवं? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांसाठी २००६ चा कायदा आहे. तुम्ही उद्यम नोंदणी केलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल किंवा सेवा देत असाल, तर लेखी ठरलेली पेमेंटची मुदतसुद्धा माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांची उद्यम नोंदणी मात्र बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच धरली जाते, म्हणून माझ्यासारख्या दुकानदाराला आपलं वाक्यच नीट लिहावं लागतं.

आता हा मेसेज उतरवून घ्या

‘थँक यू फॉर युवर ऑर्डर. धिस रेट इज व्हॅलिड टिल ३० सप्टेंबर. वी विल स्टार्ट वर्क अ‍ॅज सून अ‍ॅज वी रिसीव्ह द अ‍ॅडव्हान्स. वी विल डिस्पॅच द गुड्स बाय १२ ऑक्टोबर. प्लीज पे द बॅलन्स विदिन १५ डेज फ्रॉम द डेट ऑफ डिलिव्हरी.’

पाच वाक्यं. तारखा बदला, बाकी तसंच ठेवा. त्या दिवाळीला मी एवढंच लिहिलं असतं, तर माळा रिकामा राहिला असता आणि गल्ला भरला असता.

गृहपाठ: तुमच्या फोनमधले ग्राहकांना पाठवलेले शेवटचे दहा इंग्रजी मेसेज उघडा. जिथे ‘टिल’ आहे तिथे तो प्रश्न विचारा: होऊन संपणार, की चालू राहणार? चूक सापडली तर लाजू नका. समोरच्याला आजच नवीन मेसेज टाका, नीट तारखेसकट. ऑर्डर हातातून जाण्याआधी केलेली दुरुस्ती फुकट असते!