पत्रपेटीवर नाव लाव

अगं, बॅगा भरत आल्या असतील. स्वेटर किती घ्यायचे ते तुला कुणीही सांगेल. मी श्टुटगार्टला अकरा वर्षं काढली, तिथं माझं जिथं जिथं अडलं तेवढंच तुला सांगते.

खोलीची किल्ली हातात पडली की सामान सोडायच्या आधी पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लाव. तिथं बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतात, पोस्टमन नाव वाचतो आणि नाव सापडलं नाही तर पत्र परत जातं. मी पहिले सहा आठवडे एका मैत्रिणीकडे पोटभाड्यानं राहिले होते. पेटीवर नाव तिचं. माझं विम्याचं कार्ड परत गेलं, बँकेचा पिन परत गेला, आणि मी रोज रिकामी पेटी उघडून रडकुंडीला यायचे. शेवटी वहीच्या पानाची पट्टी कापली, मोठ्या अक्षरात आडनाव लिहिलं, चिकटपट्टीनं लावलं. तिसऱ्या दिवशी पेटीत पत्र होतं.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घे. नोंदणीची वेळ, म्हणजे टर्मिन, लवकर मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाला की पुण्यातूनच घेऊन ठेव. तुझा करक्रमांक त्या नोंदणीनंतर येतो, आणि तोही पोस्टानंच. म्हणून तर मी त्या पेटीचं एवढं लावून धरलंय.

आलेलं पत्र त्याच दिवशी उघडायचं. पिवळं पाकीट आलं तर त्यावर पोस्टमननं लिहिलेली तारीख बघ, मुदत त्या दिवसापासून धरतात. कळलं नाही तर कुणाला तरी दाखव, पण घाबरून ड्रॉवरमध्ये सारू नकोस. मोबाइल, जिम, काहीही बंद करायचं तर लेखी कळवायचं आणि त्याची प्रत जपायची. फोनवर ‘हो’ म्हणाले यावर विसंबू नकोस. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात एक जाड पाठीची दोन भोकांची फाईल आण.

आता खिडकीचं. ऐन हिवाळ्यात, बाहेर बर्फ असला तरी, दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, आणि मग घट्ट लावायच्या. नुसती फट ठेवून उपयोग नाही. माझ्या पहिल्या जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात आल्या. मी कुकर लावला होता, फोडणी नुकतीच दिली होती. मला वाटलं, वासाची तक्रार घेऊन आल्यात. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, कपाट थोडं पुढं ओढलं आणि मागच्या भिंतीवरचा डाग दाखवला. रुपयाएवढा, काळा, मऊ. बुरशी. मग खिडकी पूर्ण उघडली आणि पाच बोटं वर केली. वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते, हे इतकं साधं, पण आपल्याकडे खिडक्या बारा महिने उघड्या, म्हणून ते आपल्या डोक्यातच येत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेव. बुरशी धरली तर भरपाई अनामत रकमेतून जाऊ शकते, आणि अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेतात.

त्या भागात आणखी एक प्रकार आहे, केरवोखं. ‘केर’ म्हणजे झाडणं, लक्षात ठेवायला सोपं. भाडेकरूंनी पाळीपाळीनं आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा. तुझी पाळी आली की दाराला पाटी लटकलेली दिसेल. शनिवारीच झाडून पुसून घे आणि पाटी शेजारच्या दाराला लाव. जिन्यात कुणीही भेटलं तर ‘ग्र्यूस गॉट’ म्हण. एवढ्यानं तू त्या घरातली होतेस.

भाषेला भिऊ नकोस. मराठी माणसाला जर्मन परकी वाटू नये इतकं आधीच घरात आहे. तीन लिंगं आपल्याला आहेत, गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाणं आपल्याला नवं नाही, आपण एकवीस म्हणतो तसं तेही एक आधी आणि वीस मागून म्हणतात. ‘झी’ आणि ‘डू’ हे आपलं ‘तुम्ही’ आणि ‘तू’. मोठ्या माणसानं स्वतःहून सांगेपर्यंत ‘डू’ वर येऊ नकोस. मात्र तिथले लोक बोलतात ती श्वेबिश, वर्गात शिकलीस तिच्याहून पुष्कळ वेगळी. तेव्हा ‘लांगझाम, बिट्टे’, म्हणजे ‘सावकाश बोला’, हे न लाजता म्हण. मी लाजले आणि वर्ष घालवलं.

दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारीच भाजी आण. प्लॅस्टिकच्या बाटलीवर सहसा २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकून परत घे. ४०५ नंबरचं पीठ म्हणजे आपला मैदा, पोळ्यांना चालवू नकोस. मसूर डाळ तुर्की दुकानात मिळते. आणि क्वार्क नावाचा जो प्रकार मिळतो तो रात्रभर फडक्यात टांगलास की चक्का होतो. पाडव्याला श्रीखंड चुकवायचं नाही.

नोव्हेंबर जड जाईल. डिसेंबरात तर साडेचारला अंधार आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. दुपारी बारा ते दोन काहीही करून बाहेर चालून ये. या अंधाराच्या दिवसांतच मन म्हणतं, आपल्याशी इथं कुणी बोलतच नाही. तसं नसतं. तिथं ‘कधीही ये’ असं कुणी म्हणत नाही, वार आणि वेळ ठरवतात, आणि ठरवलं की खरोखर वाट बघतात. गुरुवारी चारला बोलावलं तर चारला पोच, केक त्यांनी सकाळी भाजलेला असतो. मराठी मंडळी भेटतीलच, पण एखाद्या गाण्याच्या किंवा डोंगर चढण्याच्या मंडळातही नाव घाल. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तिथंच मिळाली, दोन वर्षांनी.

दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. दोन्ही भिंतीवर लिहून ठेव.

कुकरच्या रिंगा दोन घे. आणि तुझी आई दहाला झोपते. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं, म्हणजे तिथल्या साडेपाचच्या आत फोन कर. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढं जातील, मग साडेसहापर्यंत चालेल. ती तुला काही म्हणणार नाही, पण फोन उशाशी घेऊन जागी राहील.