शरीरात राहणारे पदार्थ आणि रुग्णालयाचे भांडार

आपल्या रुग्णालयाच्या जमाखर्चात ‘औषधे व शस्त्रक्रिया साहित्य’ असे एक शीर्षक दरवर्षी असते. सन्माननीय सभासद व देणगीदार रक्कम पाहून पुढील ओळीकडे वळतात, आणि त्यात वावगे काही नाही. तथापि या एकाच शीर्षकाखाली दोन अगदी भिन्न जातींच्या वस्तू नांदत असतात. कापूस, बँडेज, हातमोजे, सलाईन या वस्तू वापरल्या की त्यांचा हिशेब संपतो. डोळ्यात बसवलेली लेन्स, हाडावरची प्लेट व स्क्रू, सांध्यातील वाटी यांचा हिशेब मात्र वापरल्यानंतर सुरू होतो. कारण त्या रुग्णाबरोबर घरी जातात आणि पुढे वीस-वीस, तीस-तीस वर्षे त्याच्या शरीरात मुक्काम करतात.

अशा पदार्थांना शास्त्रात बायोमटेरिअल म्हणतात. मराठीत त्यासाठी जैवद्रव्य, जैवसामग्री असे काही प्रतिशब्द सुचवले गेले आहेत; परंतु ऑपरेशन थिएटरमध्ये आणि बिलावर चालतो तोच शब्द येथे ठेवतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. खरेदी आणि भांडार या दोन गोष्टी अनेक वर्षे सांभाळताना डॉक्टरांना विचारून, वाचून जे उमगले ते आपल्यापुढे मांडत आहे. त्यातील मुख्य गोष्ट अशी की, पदार्थाचे गुणधर्म कारखान्यात ठरतात हे खरे असले, तरी निर्जंतुकीकरण, वेष्टन आणि साठवण यांत ते बिघडू शकतात. आणि यांपैकी साठवण तर सर्वस्वी आपल्याच हाती असते.

इंग्लंडमधील चेस्टर येथे १९८६ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत ‘जैवसुसंगतता’ या शब्दाची व्याख्या निश्चित करण्यात आली. तिचा मथितार्थ असा, की कोणताही पदार्थ सरसकट शरीराला मानवतो असे म्हणता येत नाही; विशिष्ट कामासाठी, विशिष्ट जागी त्याला शरीराने योग्य प्रतिसाद दिला पाहिजे. डोळ्यात निमूटपणे राहणारे प्लॅस्टिक गुडघ्यात चालेलच असे नाही.

आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत या विषयाचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे मोतीबिंदूची लेन्स. नारायणगावचे डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, ती या परिसरातील नेत्रसेवेचीच पावती होय. आज साठी ओलांडलेल्यांना स्मरत असेल, की पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर लेन्स बसवत नसत. मग रुग्णाला सुमारे दहा नंबरचा जाडजूड चष्मा लावावा लागे. तो फुटला, हरवला किंवा शेतात पडला की माणूस पुन्हा आंधळाच.

यावरचा उपाय एका युद्धातून निघाला. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छपराच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण एका ब्रिटिश वैमानिकाच्या डोळ्यांत घुसले होते. परक्या पदार्थाचा कण डोळ्यात राहिला की अनेकदा दाह होतो. हे कण मात्र वर्षानुवर्षे शांत पडून राहिले. हॅरॉल्ड रिडले या नेत्रशल्यविशारदाने त्यावरून बोध घेतला आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स मानवी डोळ्यात बसवली. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजेच पीएमएमए, हे त्या प्लॅस्टिकचे नाव. त्याचा अपवर्तनांक १.४९ आहे, घनता काचेच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि ते पाणी अत्यल्प शोषते. रिडले यांच्यासाठी कारखान्याने मुद्दाम अधिक शुद्ध प्रत तयार केली. कारण साखळीत न जोडला गेलेला मूळ मोनोमर प्लॅस्टिकमध्ये शिल्लक राहिला, तर तो हळूहळू झिरपून डोळ्याला त्रास देतो.

इतके करूनही सुरुवातीच्या अनेक डोळ्यांत दाह झालाच. त्याच्या कारणांचा शोध घेता असे दिसले, की निर्जंतुकीकरणासाठी वापरलेल्या सेट्रिमाइडचा अंश लेन्सवर राहून जात होता. आपल्या परिचारिका भगिनींना हे द्रव्य सॅव्हलॉनमधील एक घटक म्हणून माहीत आहे. पदार्थ उत्तम, शल्यविशारद उत्तम, आणि दोष धुण्याच्या औषधाचा!

मग ही लेन्स सरळ ऑटोक्लेव्हमध्ये का घालत नाहीत, असा प्रश्न एखाद्या नवीन कर्मचाऱ्याच्या मनात येतोच. ऑटोक्लेव्हचे तापमान १२१ अंश सेल्सिअस असते आणि पीएमएमए सुमारे १०५ अंशांनाच मऊ पडू लागते. लेन्स जंतुमुक्त होईल, पण तिचा आकार आणि त्याबरोबर नंबरही बदलेल. म्हणून कारखान्यात इथिलीन ऑक्साइड वायूने तिचे निर्जंतुकीकरण करतात. हा वायू विषारी असल्याने नंतर तो वेष्टनातून पुरता निघून जाईपर्यंत माल थांबवून ठेवावा लागतो. याचा व्यवहारातील अर्थ असा, की एकदा पाकीट उघडले आणि लेन्स वापरली गेली नाही, तर ती आपल्या रुग्णालयात पुन्हा निर्जंतुक करता येत नाही. हिशेबनिसाला ही हानी दिसते. ती मुकाट्याने खर्ची टाकणे हेच योग्य.

आता घडी घालून लहान छेदातून आत सरकवता येणाऱ्या लेन्स आल्या आहेत. पीएमएमएची लेन्स ताठ असल्याने तिला सुमारे सहा मिलिमीटरचा छेद लागतो. घडीच्या लेन्सला तीन मिलिमीटरहून कमी पुरतो. यांतील पाणी धरून ठेवणाऱ्या ॲक्रिलिकच्या लेन्समध्ये साधारण अठरा ते सव्वीस टक्के पाणी असते. त्या द्रव भरलेल्या कुपीतच येतात आणि पीएमएमएच्या उलट, त्या कुपीसकट वाफेने निर्जंतुक करता येतात. ‘लेन्स’ हा शब्द एकच, परंतु दोघींचे रसायन निराळे आणि जपणूकही निराळी. या शतकाच्या आरंभी अशाच एका नामांकित लेन्सवर, ती बसवल्यानंतर काही काळाने, कॅल्शियमचा पांढुरका थर जमू लागला. तपासाअंती कुपीच्या झाकणातील सिलिकॉनच्या गॅस्केटकडे बोट गेले. त्यातून सुटलेला अंश लेन्सच्या पृष्ठभागावर बसून पुढील थराला आधार देत होता. उत्पादकाने वेष्टन बदलले. लेन्सच्या गुणवत्तेत झाकणाचा रबरी तुकडाही मोडतो, हे तेव्हापासून सर्वांना कळले.

किमतीविषयी एकच गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात परदेशी लेन्स सुमारे शंभर डॉलरला पडत असे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ साली उत्पादन सुरू केले आणि ती किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांची मोफत शिबिरे त्यानंतरच आवाक्यात आली.

अस्थिरोगाच्या विभागात कथा धातूची आहे. आपल्याकडील द्राक्षबागायतदारांना मांडवाची तार ठाऊक आहे. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त झिजून संपले की गंज चढतो. स्टेनलेस स्टीलचे संरक्षण वेगळ्या रीतीचे आहे. त्यातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचे अदृश्य कवच तयार करते आणि ओरखडा पडला तर ते कवच आपोआप पुन्हा धरते. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांची जाळीही स्टेनलेस स्टीलचीच आहे आणि ती उघड्या माळावर उन्हापावसात उभी आहे. शरीर मात्र माळरानाहून कठीण जागा. तेथे चोवीस तास कोमट खारे पाणी असते, आणि मिठातील क्लोराइड हे कवच ठिकठिकाणी भेदते. म्हणून हाडात बसवायच्या ‘३१६ एल’ जातीच्या स्टीलमध्ये क्रोमियम व निकेलखेरीज दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात आणि कर्बाचे प्रमाण ०.०३ टक्क्याच्या आत ठेवतात. स्वयंपाकघरातील नेहमीच्या भांड्यांच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम नसते. ‘स्टील ते स्टील’ असे म्हणून स्वस्त माल सुचवणाऱ्या विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच.

प्लेट व स्क्रू यांच्या फटीत प्राणवायू कमी पोहोचतो, त्यामुळे तेथे कवच नीट धरत नाही. त्यात प्लेट एका धातूची व स्क्रू दुसऱ्या धातूचा असेल, तर खाऱ्या पाण्यात दोहोंची जणू बॅटरी तयार होऊन झीज वाढण्याचा धोका असतो. यास्तव टायटॅनियमचे आणि स्टीलचे संच भांडारात वेगळ्या कपाटांत ठेवले पाहिजेत. रात्रीच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत नजरचुकीला वाव राहता कामा नये.

येथे एक नाजूक विषय आहे. हाड जुळल्यावर काढलेली प्लेट ‘एखाद्या गरिबाला वापरा’ असे रुग्णाचे नातेवाईक आपुलकीने सांगतात. भावना मोठी आहे, तिचा अवमान होऊ नये. परंतु त्या प्लेटने महिनोन्महिने पावलागणिक वजन झेललेले असते. वारंवार वाकवलेली तार ज्या कारणाने अखेर तुटते, त्याच कारणाने तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा पडलेल्या असू शकतात, आणि ओरखड्यांमुळे पृष्ठभागही पूर्वीचा राहिलेला नसतो. गरीब रुग्णाला नवीनच प्लेट मिळाली पाहिजे. त्यासाठी देणगी मागण्यात संकोच करू नये.

सांध्यातील प्लॅस्टिकच्या वाटीची हकीकत सर्वांत उद्बोधक आहे आणि तिच्यात पुण्याचा धागाही आहे. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी प्रथम टेफ्लॉन वापरून पाहिले. ते फार लवकर झिजले आणि झिजलेल्या कणांनी आसपासच्या पेशींत मोठी प्रतिक्रिया उठवली. मग १९६२ मध्ये त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन घेतले. रसायन म्हणाल तर आपल्या दुधाच्या पिशवीचेच, कर्ब आणि हायड्रोजन. फक्त रेणूंच्या साखळ्या कितीतरी पटींनी लांब, त्यामुळे झीज फारच कमी. तरीही काही वाट्या अपेक्षेआधीच ठिसूळ होऊन तडकू लागल्या.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील प्लॅस्टिकचे क्रेट आठवावेत. दोन-तीन उन्हाळे उघड्यावर राहिलेला क्रेट हाताने दाबला तरी कडा मोडतात. सूर्याच्या किरणांनी रेणूंच्या साखळ्यांचे बंध तुटतात, त्या जागा हवेतील प्राणवायूला धरतात आणि पदार्थ ठिसूळ होतो. ठिबकच्या नळीत काजळी मिसळून ती काळी करतात, ती हे टाळण्यासाठीच. सांध्याच्या वाटीला ऊन लागत नाही, पण निर्जंतुकीकरणासाठी तिला गॅमा किरण देत असत, तेही साध्या हवेच्या वेष्टनात. बंध तुटून तयार झालेली ‘मुक्त मूलके’ आत टिकून राहत आणि वाटी भांडारात नुसती पडून असतानाही वर्षानुवर्षे ऑक्सिडीकरण चालू राही. म्हणजे मालाचे वय रुग्णाच्या अंगात जाण्यापूर्वीच वाढत होते! ‘बायोमटेरिअल्स’ या नियतकालिकात १९९६ साली या प्रश्नाचे विवेचन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक व्ही. प्रेमनाथ. अमेरिकेतील एमआयटी व मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांच्या ज्या संशोधनातून पुढे अधिक टिकाऊ पॉलिथिलीन निघाले, त्यात त्यांचा सहभाग होता. नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि तेथील ‘व्हेंचर सेंटर’ त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले.

उपाय मोठा चतुर होता. किरणांनी साखळ्या तुटतात, तशा त्या एकमेकींना आडव्या जोडल्याही जातात, आणि अशी जोडणी झीज कमी करते. तेव्हा किरण अधिक द्यायचे, नंतर पदार्थ वितळेपर्यंत तापवून उरलेली मुक्त मूलके विझवायची. यात मजबुतीचा थोडा अंश गमवावा लागतो. म्हणून पुढे तापवण्याऐवजी ‘ई’ जीवनसत्त्व मिसळण्याची रीत निघाली. आज वाट्या हवाबंद वेष्टनात येतात. आपल्या बाजूने करावयाचे ते इतकेच: जुना माल आधी वापरावा, मुदत पाहावी, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या धुवांधार पावसाच्या चार महिन्यांत कपाटे भिंतीपासून दूर ठेवावीत. ओलाव्याने कागदी वेष्टनाचा जोड सुटला, तर आतील वस्तू निर्जंतुक राहिली असे मानता येत नाही, मग ती कितीही महाग असो.

कायद्याने लेन्स, अस्थिरोपणे, बोन सिमेंट, स्टेंट आदींना २००५ साली औषधांच्या कक्षेत आणले. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. २०१७ मध्येच स्टेंट व गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा आली. या सर्वांचा लाभ झाला आहे. तथापि कागदोपत्री एक काम रुग्णालयालाच करावे लागते. प्रत्येक पाकिटात माल क्रमांकाच्या चिकटपट्ट्या असतात. त्यांतील एक केसपेपरवर, एक नोंदवहीत आणि एक रुग्णाच्या कार्डावर लागली पाहिजे.

याचे मोल एका घटनेने दाखवले. धातूवर धातू घासणारा एका विदेशी कंपनीचा खुब्याचा सांधा, कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात उतरत असल्याने, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने पुढे चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणा लागत नव्हता. आहुपे किंवा हातवीजचा आपला रुग्ण मजुरीसाठी नारायणगावला, तेथून मुंबईला जातो. दूरध्वनी क्रमांक बदलतो, केसपेपर पावसात भिजतो. म्हणून रुग्णाला घरी सोडताना चिकटपट्टी लावलेले कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून द्यावे आणि ते रेशनकार्डाबरोबर ठेवण्यास घरातील मंडळींना समक्ष सांगावे.