ढगाची सावली

ऑगस्ट २०१९. कृष्णा-पंचगंगेच्या पुरानं शिरोळ तालुका वेढला होता आणि मी पुण्यात बसून पाणी कुठवर आलंय ते सेंटिनेल-२ च्या चित्रांत शोधत होतो. दर ५ दिवसांनी नवं चित्र यायचं आणि तेही पांढरंफटक. हा उपग्रह उन्हाच्या उजेडावर काम करतो, ढगाखालचं त्याला दिसत नाही. ज्या ढगांनी पूर आणला, त्यांनीच तो झाकूनही ठेवला होता.

अखेर ढग फाटलेलं एक चित्र हाती लागलं. त्यातले काळे डाग मी पाणी म्हणून रंगवले आणि मदत वाटणाऱ्या एका संस्थेला नकाशा दिला. पूर ओसरल्यावर तो घेऊन गावात गेलो. नकाशात निळ्या असलेल्या जागी पायाखाली कोरडा मुरूम होता. सोबतचे आजोबा म्हणाले, "सायेब, ह्यो माळ हाय. हितं पानी चढलं तर समदं शिरोळ बुडंल की."

मी रंगवली होती ती ढगांची सावली.

म्हणून कळकळीनं सांगतो, काळा डाग दिसला की आधी त्याच्या पूर्वेला बघा. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, त्यामुळे सावली ढगाच्या पश्चिमेला पडते आणि बहुधा ढगाचाच आकार घेते. जमिनीची उंचीही ताडून पाहा. चित्रासोबत येणारा ढगांचा टक्का सुमारे १०० किलोमीटर लांब-रुंद तुकड्याचा असतो. तो १० असला तरी तुमचं गाव नेमकं त्या दहात असू शकतं.

पुरासाठी सेंटिनेल-१ सारखं रडार वापरा, ते ढगांतून पार बघतं. मात्र त्यातला एकेक उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो, आणि पूर तेवढा थांबत नाही. शिवाय त्याची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, ती दाट उसाच्या पाल्यावरूनच परतते. मोकळं पाणी काळं उमटतं, उसात शिरलेलं बहुतेक वेळा उमटतच नाही.

माळावरून खाली आलो तेव्हा आजोबांनी आपला ऊस दाखवला. छातीइतक्या उंचीवर पानांना गाळाची रेघ होती आणि खालच्या पानांची बेचकी दाबली की आतून चिखल येत होता. नंतर केलेल्या रडारच्या नकाशातही तो प्लॉट कोरडाच निघाला. मदतीसाठीच्या माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, ते मी तिथंच बांधावर बसून हातानं लिहिलं.