गावठी डुकराचे वंशरक्षण

डुक्कर हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी पुष्कळजण नाक मुरडतात. परंतु पशुपालनाचा अभ्यास करणाऱ्यास या प्राण्याकडे पाठ फिरवून चालावयाचे नाही. साष्टी बेटावरील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या परसात पूर्वी डुकरे पाळण्याची चाल होती, आणि लग्नकार्यास लागणाऱ्या सोरपोतेलाची तजवीज घरच्याघरी होई. उष्ट्याखरकट्यावर वाढणाऱ्या या काटक जनावराची वंशावळ लिहून ठेवावी, असे कोणास वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने पैदास-केंद्रे काढिली. त्यांपैकी एक, बेकनच्या कारखान्यासह, आपल्या बोरिवलीत होते. अशा केंद्रांतून लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विलायती जातीचा प्रसार झाला. हेतू चांगलाच होता. ही जात लवकर वाढते व एका वेतात अधिक पिल्ले देते. पण संकराचे गणित पाहावे. गावठी मादीस विलायती नर दिला म्हणजे पिल्लांत गावठी रक्त निम्मे उरते. त्या पिल्लांतील माद्यांस पुन्हा तसाच नर दिल्यास चौथाई, आणि तिसऱ्या पिढीस अष्टमांश. डुकरीण ११४ दिवसांत विते व तिच्या माद्या वर्षाच्या आतच वयात येतात. तेव्हा एवढा पालट होण्यास चार-पाच वर्षे पुरतात.

खुद्द विलायतेतही असेच झाले. लिंकनशायरचे कुरळ्या केसांचे डुक्कर १९७२ च्या सुमारास नामशेष झाले, आणि दुर्मिळ जातींच्या रक्षणार्थ तेथे संस्था निघाली ती १९७३ साली!

आपल्याकडील उदाहरण गोव्याचे. (तेथेही एक साष्टी तालुका आहे, ही नावाची गंमत.) काणकोण तालुक्यातील आगोंद गावाचे नाव धारण करणारी ‘आगोंदा गोवन’ ही काळी जात कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी जातींत नोंदली आहे. तथापि कागदावरील नोंदीने जात राहत नाही. तिला पाळणारा पाहिजे.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने दहा जनावरे राखावयाचे ठरविले. एक नर व नऊ माद्या ठेवणे त्यास सोयीचे वाटेल. परंतु अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांचे सूत्र असे की, नरांच्या संख्येने माद्यांच्या संख्येस गुणावे, गुणाकाराची चौपट करावी व तीस एकूण संख्येने भागावे. एक व नऊ यांचे उत्तर ३.६ येते, म्हणजे आनुवंशिक विविधतेच्या हिशेबी दहांचा कळप चारांइतकाही भरत नाही. तीन नर व सात माद्या ठेवल्यास तेच उत्तर ८.४ होते. एकाच देखण्या नरावर वर्षानुवर्षे भागविणे ही आमच्या मते फार महाग पडणारी काटकसर होय. बाप-लेकीचा संयोग होऊ लागला की पिल्ले थोडी व दुबळी निपजतात. म्हणून प्रत्येक जनावराच्या कानास खूण करावी, आईबाप वहीत लिहावेत, आणि शेजारच्या पाळणाऱ्यांशी नरांची अदलाबदल करावी. अंधेरी-मुलुंडकडे परसेच उरली नाहीत. तेव्हा हे काम चार गुंठे मोकळी जागा असणाऱ्यांनीच अंगावर घ्यावयाचे.

अदलाबदलीत मात्र सावधगिरी हवी. २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग ईशान्य भारतात शिरला. माणसास तो होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप मारतो, आणि त्यावर औषध नाही. नवे जनावर महिनाभर वेगळे बांधावे, खरकटे चांगले उकळल्याखेरीज घालू नये, आणि जातीची सारी जनावरे एकाच आवारात कधीही ठेवू नयेत.